काटा जाममध्ये चढतो, पळताना उतरतो: जुन्या बॉक्स्टर-केमनचं तापणं

जुन्या पोर्शे बॉक्स्टर किंवा केमनच्या मालकाची तक्रार साधारण अशी असते. सकाळी गाडी निघते तेव्हा सगळं ठीक. ठाण्यात कापूरबावडीच्या जाममध्ये दहा मिनिटं उभं राहावं लागलं की तापमानाचा काटा ८० अंश सोडून उजवीकडे सरकायला लागतो आणि एसीची हवा कोमट होते. मानपाडा ओलांडून गाडी थोडी पळाली की काटा आपोआप जागेवर येतो, एसीही गार होतो. गॅरेजमध्ये नेली तर तिथे काहीच दिसत नाही. कोणी कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) वाढवून देतो, कोणी थर्मोस्टॅट (गरम झाल्यावर कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) बदलतो, एसीवाला गॅस भरतो. तीन आठवडे बरे जातात, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

हे ९८६ पिढीची बॉक्स्टर (१९९६ ते २००४) आणि ९८७ पिढीच्या बॉक्स्टर-केमन (२०१२ पर्यंत) यांच्याबद्दल आहे. दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडून घेतलेल्या गाडीत हा त्रास पहिल्याच उन्हाळ्यात वर येतो, कारण आधीच्या मालकाने बहुधा ती फक्त रविवारी सकाळी मोकळ्या रस्त्यावर चालवलेली असते.

या गाड्यांचं इंजिन सीटच्या मागे आणि रेडिएटर पुढे नाकात. इंजिनातलं गरम कूलंट गाडीच्या पोटाखालच्या लांब पाइपांतून पुढे जातं, बंपरच्या डाव्या-उजव्या तोंडांमागच्या दोन रेडिएटरमध्ये थंड होतं आणि परत मागे येतं. एस आणि ऑटोमॅटिक मॉडेलांत बहुतेक वेळा मधोमध तिसरा रेडिएटर असतो. मधल्या जाळीतून टॉर्च मारला की आहे की नाही ते कळतं. दोन्ही बाजूच्या रेडिएटरच्या पुढे एसीचे कंडेन्सर, म्हणजे एसीच्या गॅसची उष्णता बाहेर टाकणारे छोटे रेडिएटरच, आहेत. म्हणजे बाहेरची हवा आधी कंडेन्सरमधून, मग रेडिएटरमधून जाते आणि पुढच्या चाकांच्या पुढे, खालच्या अंगाला बाहेर पडते. गाडी पळते तेव्हा हवा स्वतःच आत घुसते. उभी असते तेव्हा सगळी भिस्त फॅनवर.

तेव्हा उभ्याने चढणारा आणि पळताना उतरणारा काटा सांगतो की पाणी फिरतंय, हवा फिरत नाहीये. जाममध्ये एसीही त्याच वेळी मार खात असेल तर जवळजवळ खात्रीच धरा, कारण कंडेन्सर आणि रेडिएटरची हवा एकच आहे. कूलंटला हात लावायच्या आधी नाक उघडायचं. बहुतेक जण नेमकं उलट करतात.

पाना उचलण्याआधी

डॅशवरच्या काट्यावर फार विसंबू नका. तो मुद्दाम सुस्त ठेवलेला असतो. काटा ८० च्या आसपास दिसतो तेव्हा खरं तापमान ९० च्या घरात असू शकतं. साधा ब्लूटूथ ओबीडी डोंगल (गाडीच्या कम्प्युटरमधले आकडे मोबाइलवर पाठवणारा प्लग) लावा आणि मोबाइलवर कूलंटचं तापमान बघा. नवी मुंबईतल्या पामबीच रोडवर वाशीकडून बेलापूरकडे एका लयीत चालवून एक आकडा घ्या. मग एसी बंद ठेवून दहा मिनिटं उभी गाडी, आणि एसी लावून दहा मिनिटं उभी गाडी, असे आणखी दोन. उभ्या गाडीत १०० च्या आसपास जाऊन फॅन लागला आणि आकडा खाली आला, तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही. १०५ ओलांडून चढतच राहिला तर पुढे वाचा.

आता फॅन. इंजिन चालू, एसी पूर्ण गार, दोन-तीन मिनिटं थांबा. दोन्ही बाजूचे फॅन हळू वेगात फिरायला हवेत. पुढच्या चाकाच्या पुढे, हवा बाहेर पडते तिथे टिश्यू पेपरची पट्टी धरा. डावीकडे फडफडते आणि उजवीकडे लोंबतेय, तर उजवा फॅन मेलेला आहे. दोन्हीकडे लोंबत असेल तर फ्यूज आणि रिले आधी बघा.

लोक फसतात ते इथेच. या फॅनना दोन वेग आहेत. जोराचा वेग थेट येतो, हळू वेग करंट कमी करणाऱ्या एका रेझिस्टरमधून. रेझिस्टर फॅनजवळच, पावसाच्या पाण्याच्या आणि चिखलाच्या वाटेवर बसवलेला असल्यामुळे तो जळतो किंवा गंजून तुटतो. मग फॅन सुरुवातीला लागतच नाही, तापमान बरंच चढल्यावर एकदम घरघरत जोरात सुरू होतो, आकडा पाडतो, बंद होतो, आणि पुन्हा तेच. ती घरघर ऐकून मालक म्हणतो, फॅन तर चालू आहे! मोबाइलवरचा आकडा करवतीच्या दातांसारखा वर-खाली होत असेल तर रेझिस्टरचा संशय घ्या.

बंपर उतरवणं

काम अवघड नाही, नाजूक आहे. टॉर्क्स बिटांचा संच (टी२० ते टी३०), प्लॅस्टिक क्लिप उचकटायची चपटी पट्टी, मास्किंग टेप, जुनी गोधडी आणि दुसरा माणूस एवढं हवं. पहिल्यांदा करताना तीन तास धरा.

पुढची डिकी उघडा, बॅटरीचं निगेटिव्ह काढा आणि डिकी पुन्हा बंद होऊ देऊ नका. ९८७ आणि नंतरच्या ९८६ मध्ये पुढच्या डिकीचं कुलूप विजेवर उघडतं. बॅटरी सुटलेली असताना डिकी बंद झाली की फ्यूजबॉक्समधून बाहेर ओढायच्या टर्मिनलला बाहेरची बॅटरी जोडून ती उघडावी लागते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये रविवारी दुपारी हा उद्योग कोणालाच नको असतो. लॅचवर एक फडकं टाकून ठेवा. ओरिजिनल म्युझिक सिस्टिम कोड मागणारी असेल तर तो कोड आधीच शोधून ठेवा.

बंपरचे स्क्रू चार ठिकाणी असतात: वरच्या काठाला डिकीच्या झाकणाखाली, खालच्या अंगाला, चाकाच्या कमानीत, आणि फेंडर व बंपर जिथे भिडतात त्या कोपऱ्यात. कोपऱ्यातला स्क्रू बाजूचा छोटा इंडिकेटर काढल्याशिवाय दिसत नाही, आणि तो विसरून बंपर ओढला की माउंटिंगचा कान तुटतो. दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या गाडीत हा कान बहुधा आधीच तुटून एम-सीलने चिकटवलेला सापडतो. फेंडरच्या कडेला मास्किंग टेपचे दोन थर लावा. दोघांनी दोन टोकं धरून बंपर सरळ पुढे ओढा आणि पूर्ण बाहेर काढण्याआधी थांबा. आत दिव्यांचे आणि बाहेरचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरचे कनेक्टर आहेत. ते सोडवा, फोटो काढा, मग बंपर गोधडीवर ठेवा.

आत काय सापडतं

कंडेन्सरच्या पुढच्या बाजूला दिसतं ते फार काही नसतं. चार पानं, दोन पाकोळ्या. खरा माल कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या बोटभर फटीत असतो आणि तो पुढून दिसतच नाही. कंडेन्सर रेडिएटरला स्क्रूंनी धरलेला आहे. ते काढले की गॅसचे पाइप न सोडता कंडेन्सर पुढे झुकवता येतो. चार-पाच बोटांची जागा होते, तेवढी पुरते. पाइप वाकवू नका आणि त्यांचे नट तर हलवूही नका, नाहीतर एसीचा गॅस गेलाच.

फटीत थर असतात. वरचा थर सोनमोहराच्या पिवळ्या पाकळ्यांचा. ठाण्यात रस्त्याकडेला सोनमोहर भरपूर, उन्हाळ्यात झाडाखाली पिवळा सडा पडतो, आणि ती पाकळी नेमकी जाळीतून आत जाईल एवढ्या मापाची. त्याखाली पर्जन्यवृक्षाची बारीक पानं, वेफर्सच्या पाकिटाचा तुकडा, सिगारेटची थोटकं. तळाला, खालच्या कोपऱ्यात, काळा लगदा असतो. बोटाने दाबला तर ओल्या नमद्यासारखा लागतो आणि वास थेट गटाराचा. घोडबंदर रोडची वर्षानुवर्षांच्या खोदकामाची धूळ त्यात सिमेंटचं काम करते. बाजूच्या रेडिएटरचा खालचा तिसरा हिस्सा असा बुजलेला सापडणं नेहमीचं आहे.

हा लगदा हवा अडवतो ते एक. पण तो पावसाळाभर ओला राहतो आणि कंडेन्सरचं अॅल्युमिनियम खालच्या कडेने खातो. दर उन्हाळ्यात एसीत गॅस भरावा लागणाऱ्या गाडीत गळती बहुतेक इथेच निघते. कडेला तेलकट काळपट डाग दिसला किंवा कंडेन्सरचं पातळ पातं बोट लावताच भुगा झालं, तर कंडेन्सर गेला. बंपर उतरलेला असतानाच तो बदलून घ्या, मजुरी एकदाच लागते.

साफ करताना आधी कोरडंच करा. मऊ ब्रश लावलेला व्हॅक्यूम, मग हाताने लगदा उचलणं. त्यानंतर बागेच्या पाइपाचं हलकं पाणी मागून पुढे, म्हणजे हवा येते त्याच्या उलट दिशेने. वॉशिंग सेंटरची प्रेशर गन अजिबात नको. ती एका झटक्यात पाती आडवी करते, आणि आडवं पातं कचऱ्याइतकंच हवा अडवतं. आडवी झालेली पाती बारीक कंगव्याने किंवा बोथट सुरीच्या टोकाने सरळ होतात. वेळ लागतो, पण होतात. घरगुती एसीच्या कॉइलसाठी मिळणारं अॅसिडचं क्लीनर किंवा कॉस्टिक वापरू नका. साबणाचं पाणी पुरे.

दोन्ही बाजू करा. डावीकडून अर्धी बादली निघाली म्हणजे उजवीकडे तेवढंच असेल असं नाही, पण शून्य नक्की नसतं.

बंपरच्या आत हवा रेडिएटरकडे वळवणारे प्लॅस्टिकचे डक्ट असतात, तेही आहेत का बघा. आपल्याकडचे स्पीडब्रेकर आणि पोडियमचे रॅम्प यांच्या कृपेने बहुतेक गाड्यांचं नाक एकदा तरी घासून दुरुस्त झालेलं असतं, आणि दुरुस्तीत डक्ट परत बसवले जात नाहीत. डक्ट नसेल तर हवा रेडिएटरच्या कडेने निसटते. अस्सल भाग मिळेपर्यंत जाड फोमच्या पट्टीने फट बुजवली तरी फरक दिसतो.

मधला रेडिएटर असेल तर नंबरप्लेटकडेही लक्ष द्या. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांनाही आता एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबरप्लेट) सक्तीची आहे, आणि पुढे ३४० बाय २०० मिलिमीटरची उंच प्लेट मधल्या तोंडावर आली की बरीच हवा अडते. ५०० बाय १२० ची लांबट प्लेट बंपरच्या पट्टीवर बसते.

फॅनची तपासणी

बंपर नसताना फॅनपर्यंत हात पोहोचतो. नाहीतर चाक काढून कमानीतलं प्लॅस्टिक सोडवावं लागतं. चाक काढलंच तर गाडी स्टँडवर ठेवा, नुसत्या जॅकवर नको. बोल्ट परत आवळताना १३० न्यूटनमीटर.

फॅनचं पातं हाताने फिरवा. मोकळं फिरायला हवं. खरखर किंवा डुगडुग असेल तर बेअरिंग गेलं. मग कनेक्टर काढून फॅनला थेट १२ व्होल्ट द्या, पण मध्ये ३० किंवा ४० अँपिअरचा फ्यूज लावूनच, कारण सुरू होताना हा फॅन भरपूर करंट ओढतो आणि बारीक वायर हातात वितळते. थेट दिल्यावर फिरला तर मोटर चांगली. आता रेझिस्टरच्या दोन टोकांवर मल्टिमीटर लावा. चांगला रेझिस्टर एक ओहमपेक्षाही कमी दाखवतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर तो तुटलाय. बाजारातला कुठलाही रेझिस्टर चिकटवू नका. तो खूप तापतो आणि आजूबाजूला प्लॅस्टिक आहे. गाडीच्या मॉडेलचाच भाग मागवा आणि दोन्ही बाजूचे एकदम बदला.

मोटर चांगली, रेझिस्टर चांगला आणि तरी फॅन फिरत नाही, तर कनेक्टरमधला हिरवा गंज आणि अर्थची वायर बघा. खाडीकाठच्या हवेत हे होतंच. बराच काळ उभ्या राहिलेल्या गाडीत उंदरांनी वायर कुरतडलेली निघण्याचीही शक्यता आहे.

कूलंट कधी उघडायचं

वरचं सगळं काम कूलंटचा एक थेंबही न सांडता होतं. कूलंटकडे वळायचं ते पातळी उतरत असेल तरच.

टाकी मागच्या डिकीत आहे. पातळी सकाळी, थंड इंजिनावर बघा. गरम असताना झाकण उघडू नका. दाबाखालचं कूलंट १०० च्या पुढेही उकळत नाही, पण झाकण सैल होताच उसळून हातावर येतं. काही महिन्यांत पाव लिटर लागलं तर नजर ठेवा. आठवड्याला लागत असेल तर गळती आहे.

आधी संशय झाकणावर घ्या. झाकणाच्या भाग-क्रमांकात पोर्शेने वेळोवेळी सुधारणा केली. तुमच्या झाकणावर ९९६ १०६ ४४७ आणि शेवटी ०० किंवा ०१ असेल तर ते जुनं आहे. ०४ ने संपणारं मागवा. संपूर्ण गाडीतलं हे सगळ्यात स्वस्त औषध. मागच्या डिकीत गोडसर वास आणि गालिचा ओला असेल तर टाकीला तडा. गाडीखाली, सीटच्या मागच्या भागात पांढरट-गुलाबी खरवड दिसली तर वॉटर पंप. तो बेल्टवर चालतो, बेअरिंग झिजलं की आधी कण्हतो, मग गळतो. पंप हलत असेल तर थांबू नका. त्याचं आतलं पातं प्लॅस्टिकचं असतं, आणि त्याचे तुकडे कूलंटच्या वाटांत शिरले की काम कैक पटींनी वाढतं.

कूलंट मॅन्युअलमध्ये दिलेल्या दर्जाचंच घ्या, डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं. ठाण्यात बर्फ पडत नाही म्हणून नुसतं पाणी चालेल, हा हिशेब चुकीचा आहे. अॅल्युमिनियमला गंजापासून वाचवणं आणि उकळबिंदू वर नेणं, ही दोन्ही कामं तेच करतं. कोपऱ्यावरच्या दुकानातलं हिरवं कूलंट आधीच्या गुलाबीत ओतू नका. काढलेलं कूलंट पार्किंगच्या फरशीवर किंवा गटारात सोडू नका. चवीला गोड असतं आणि सोसायटीतल्या मांजरा-कुत्र्यांच्या जिवावर उठतं.

पूर्ण रिकामं करून भरायचं असेल तर लक्षात ठेवा, यात वीस लिटरच्या आसपास कूलंट आहे आणि पाइप लांब, आडवे. हवा अडकतेच. सर्वांत चांगला उपाय म्हणजे व्हॅक्यूमने भरण्याचं यंत्र असलेल्या गॅरेजकडून भरून घेणं. घरी करायचं तर मागच्या डिकीत कूलंटच्या तोंडाशेजारी हवा सोडण्याचा व्हॉल्व्ह आहे; त्याची तारेची कडी वर उचला, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, टाकी भरा, इंजिन सुरू करून पातळी उतरेल तसं ओतत राहा. मग झाकण लावून गरम होऊ द्या आणि अधूनमधून दहा सेकंद २५०० आरपीएमवर धरा. हीटरमधून सलग गरम हवा आली की हवा निघाली. गार झाल्यावर पातळी पुन्हा बघा, कडी खाली करा.

७१ अंशांना उघडणारा थर्मोस्टॅट या त्रासावर उपाय म्हणून हमखास सुचवला जातो. मूळचा ८३ ला उघडतो. थर्मोस्टॅट ठरवतो ती तापमानाची खालची पायरी. तो पूर्ण उघडल्यानंतर उष्णता बाहेर फेकणं हे रेडिएटरचं काम. नाक बुजलेलं असेल तर ७१ चा थर्मोस्टॅट फक्त काटा चढायला चार मिनिटं उशीर करेल.

काटा पळतानाच चढत असेल, चढावर किंवा हायवेवर, तर प्रश्न वेगळा आहे. आतून बुजलेला रेडिएटर, झिजलेला पंप, अडकलेला थर्मोस्टॅट किंवा आत राहिलेली हवा. कूलंटमध्ये तेलाचा तवंग किंवा टाकीत चहावरच्या सायीसारखा तपकिरी थर असेल तर गाडी चालवू नका, टो करून न्या. मात्र फक्त तेल भरायच्या नळीत फिकट फेस दिसला तर लगेच हादरू नका. पावसाळ्यात दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांनी तिथे दमट हवेचं पाणी जमतं. अर्धा तास सलग चालवल्यावर ते जातं.

जाममध्ये आकडा चढायला लागला तर एसी बंद, हीटर पूर्ण गरम, ब्लोअर पूर्ण जोरात. घामाने अंघोळ होईल, पण हीटर हा छोटा रेडिएटरच आहे. तरी चढतच राहिला किंवा धोक्याचा दिवा लागला तर घोडबंदर रोडवरचा गायमुखचा चढ चढायच्या आधीच बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा.

बंपर परत लावताना

बंपर लावण्याआधी दोन्ही तोंडांना आतून स्टेनलेस जाळी केबल टायने बांधा, पाच-सहा मिलिमीटर छिद्रांची. डासांच्या जाळीइतकी बारीक लावली तर जी हवा मिळवली तीच पुन्हा घालवाल. जाळी सोनमोहराचा बहर ओसरल्यावर एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा बाहेरून झाडा. मधली फट दोन वर्षांनी उघडून बघा.

बाहेरच्या तापमानाच्या सेन्सरचा कनेक्टर विसरू नका. तो सुटा राहिला तर डॅशवर विचित्र आकडा दिसतो, आणि बाहेर कडाक्याची थंडी आहे असं समजून एसीचा कंप्रेसरच लागत नाही. मग एसीवाला पुन्हा गॅस भरतो.

सगळं झालं की तेच तीन आकडे त्याच क्रमाने पुन्हा घ्या: पामबीचवर, उभ्याने एसी बंद, उभ्याने एसी चालू. तिसरा आकडा पहिल्या वेळेपेक्षा खाली आला नाही आणि फॅन दोन्ही वेगांत फिरतात, तर आता रेडिएटर आतून बुजल्याचा संशय घ्यायला हरकत नाही.